तिकडची सिस्टर

११ सप्टेंबर, गुरुवार

पल्याडच्या उपकेंद्राला रंग लागला. फिकट गुलाबी. आत नव्या टाइल्स, नवं टेबल, भिंतीवर हसरी आई आणि गुबगुबीत बाळ. सगळं आलं, फक्त सिस्टर तेवढी नाही. सुजाता सोडून गेल्यापासून जागा रिकामी आणि ‘तात्पुरता अतिरिक्त कार्यभार’ माझ्या गळ्यात. तात्पुरतं म्हणता म्हणता दुसरा पावसाळा सरत आला. इकडचं उपकेंद्र माझं, पल्याडचंही माझं, मधे डोंगराची धार. पायवाटेनं दोन तास. एसटीनं तळेघरला उतरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस, तोही गाडी आली तर.

तालुक्याच्या आरोग्य साहेबांचा फोन. पाहुणे येणार आहेत, कुलूप उघडून ठेवा. म्हटलं, साहेब, उघडते, पण रोज उघडायला कोण? हसले. इमारतीला पैसा निघतो, माणसाला निघत नाही, हे काय मी त्यांना सांगायचं?

गुरुवार पल्याडचा, असं ठरवलंय. किती गुरुवार पाळले जातील देव जाणे. गुडघा आत्ताच ठणकतोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आज तपासणीला बाया लई. कमलने (आमची आशा, ती आहे म्हणून मी आहे) सगळ्यांना घरोघरून ओढून आणलं.

रंजना आली. पहिलटकरीण, सहावा सरतोय. नवरा नारायणगावला भाजीच्या पिकअपवर ड्रायव्हर, आठवड्याला एकदा घरी. बीपी वर. दोनदा घेतलं, तेवढंच. पायावर सूज, बोट दाबलं की खड्डा. म्हटलं, डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली तर अशीच उठून यायचं, कामाचं बघायचं नाही.

“सिस्टर, डोकं तर सासू बोलायला लागली की दुखतंय. तवा यिऊ का?”

आणि खळखळून हसली. सासू बाहेर बसलेली, तिलाही ऐकू गेलं असणार. कारटी! मलापण हसू आवरेना.

नावापुढं लाल खूण केली. पीएचसीला, म्हणजे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, डॉक्टर असता तर आजच दाखवली असती. होता तो पोरगा चांगला होता, सरकारी नोकरीचा बाँड संपला तसा पुण्याला गेला, पुढचं शिकायला. शेजारच्या पीएचसीच्या मॅडमना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. गोळी सांगितली, ती सुरू केली.

४ ऑक्टो., शनिवार

रंजना माहेरी चालली. सातवा लागला, ओटी भरली, पहिलं बाळंतपण माहेरीच. इथं माझं काय कुणाचंच चालत नाही. माहेर पल्याड, धारेवरच्या वस्तीत. तिथं पाच-सहा घरं, बास.

बीपी कमी नाहीच. पंधरा दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. आईचं नाव चंद्राबाई, फोन नाही म्हणाली, रेंजच नाही तर ठेवून काय करायचा. जाताना पाया पडली. म्हटलं, अगं वाकू नको पोटावर! घाबरू नको, तिकडची सिस्टर घरी येऊन बघून जाईल, गोळ्यापण देईल.

रजिस्टरात लिहिलं, ‘माहेरी गेली, तिकडील उपकेंद्रास कळवले’. चिठ्ठी लिहून कमलबरोबर पीएचसीत पाठवली, पल्याडच्या कप्प्यात टाकायला. चला, लाल खुणांतली एक कमी झाली.

उद्या तरी कपडे धुवायला हवेत.

१२ ऑक्टो., रविवार (पिंपरी पेंढार)

घरी. हे टोमॅटोत गुंतलेत. सासूबाईंची शुगर दाखवायला नारायणगावला नेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दवाखान्यांच्या पाट्या, हाडांचा, डोळ्यांचा, दातांचा, मुलांचा, सोनोग्राफी, सीटीस्कॅन. एका गल्लीत मोजायला लागले आणि सोडून दिलं. माझ्या डोंगरावर बीपीचं मशीन, तेही हवा सोडणारं. हाच जिल्हा, हेच सरकार! ज्याच्या खिशात आहे त्याला डॉक्टर हाक मारून बोलावतात.

दुपारी सुजाताचा व्हिडिओ कॉल. जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात आहे. गोरी झालीय, की तिथला उजेडच तसा. म्हणाली, “मंदाताई, इथं नर्सेस लई कमी, म्हणून आम्हाला बोलावलं.” बरं बाई. त्यांच्यात एक कमी होती, आमच्यातली नेऊन पुरी केली. तिला काही बोलले नाही. तिचं काय चुकलं? कंत्राटावर किती वर्षं कुजायचं पोरीनं? मीच अठरा वर्षं कुजतेय. पण फोन ठेवल्यावर रडू आलं, का कोण जाणे.

२७ ऑक्टो., सोमवार

दिवाळी आली कधी, गेली कधी. मधले गुरुवार असे गेले: एक तालुक्याच्या मीटिंगला, एक ऑनलाइन मीटिंगला (रेंजसाठी टेकाडावर बसून दोन तास), एका गुरुवारी खरंच पल्याड गेले, पण खालच्या अंगणवाडीत पोरांचं लसीकरण उरकेस्तोवर चार वाजले. वर वस्त्यांवर जायचं राहिलं. नव्या दवाखान्याचं कुलूप उघडून झाडून घेतलं, एवढंच.

भात कापणी जोरात. बाया दिवसभर खाचरात, तपासणीला कोण येतंय!

जेवताना कमलला विचारलं, रंजनाचं काही कळलं का? “गेली की माह्यारी. तिकडं बगत्यात.”

बरं.

१२ नोव्हें., बुधवार

कालचं लिहायला हात चालत नाही. लिहितेच.

सकाळी साडेनऊला पल्याडची एक बाई धापा टाकत आली. पदर खोचलेला, पायात काही नाही. “चंद्राबायच्या रंजीला फेफरं आलंय. डोळं पांढरं केलं.” रंजी. रंजना. झटक्यांचं इंजेक्शन, सलाईनची बाटली, बीपी मशीन पिशवीत कोंबलं आणि निघाले. कमलला म्हटलं, टेकाडावर जाऊन अॅम्ब्युलन्सला फोन लाव, लागेस्तोवर खाली उतरू नको. गुडघा आहे की नाही ते वाटेत कळलं नाही.

पडवीत गोधडीवर होती. जीभ चावलेली, तोंडाला रक्त. चेहरा सुजून ओळखू येईना. बीपी लिहीत नाही. इंजेक्शन दिलं, दोन्ही कुल्ल्यांत. बाळाचे ठोके शोधले. एका जागी लागलेसे वाटले. मग नाही. मग माझेच कानात.

वस्तीवरच्या लोकांनी गोधडीची झोळी केली. कापणीचे विळे तसेच कमरेला. सडकेपर्यंत उतरवलं. गाडी लांबून यायची, वेळ लागला. पहिल्या मोठ्या दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते, ठरलेल्या वारी बाहेरून येतात. पुढं पाठवलं. संध्याकाळी पाचला ऑपरेशन.

मुलगी. गेलेलीच निघाली.

रंजना शुद्धीवर नाही. आयसीयूत.

गाडीतली एक गोष्ट. चंद्राबाई पोरीचे पाय धरून बसलेली, मला म्हणाली, “तुमी आला म्हणून बरं झालं, सिस्टर. आमच्या हिकडची सिस्टर काय आलीच न्हाई बगा. म्हैना झाला वाट बगतोय. दर गुरुवारी रंजी आंगण सारवून बसायची. गोळ्या सरल्या, तर म्हनली, ऱ्हाऊ दे, सिस्टर आली की देल.”

मी चिडले! खरंच चिडले. म्हटलं, “कोण हो तुमच्या इकडची सिस्टर? काय नाव तिचं?”

तोंडातून गेलं आणि कळलं.

चंद्राबाई म्हणाली, “नाव म्हाईत न्हाई. पर दवाखान्याला नवा रंग दिला, म्हनलं नवी सिस्टर आली आसल.”

मी खिडकीकडं बघत बसले. 

१४ नोव्हें., शुक्रवार

रंजनाने डोळे उघडले. आईला ओळखलं. पोटावर हात नेला आणि विचारलं, कुठाय. नवऱ्यानं सांगितलं म्हणे. त्यानंच नेऊन पुरलं, एकट्यानं.

मी अजून तिला बघायला गेलेली नाही. लसीकरणाचं कारण सांगितलं. लसीकरण होतंच, पण जायचं म्हटलं तर गेले असते.

१७ नोव्हें., सोमवार

पीएचसीत गेले. भिंतीला कप्पे आहेत, एकेका उपकेंद्राचा एकेक. माझ्या कप्प्यात मी दर खेपेला हात घालते. पल्याडच्यात इतक्या दिवसांत एकदाही घातला नव्हता. तो सुजाताचा, अशी डोक्यात गाठच बसलेली.

आज घातला. धूळ, दोन जुनी परिपत्रकं, कुणीतरी ठेवलेलं रिकामं बिस्किटांचं पाकीट. आणि माझी चिठ्ठी. माझंच अक्षर.

‘मा. सिस्टर यांस, सदर माता जोखमीची आहे. बीपी वाढते. कृपया दर आठवड्यास गृहभेट द्यावी, गोळ्या चालू ठेवाव्यात, हयगय होऊ नये. आपली, मंदा.’

मी मलाच लिहिलं. मीच विसरले. अठरा वर्षं पोरी माहेरी जाताना हेच लिहीत आले, हेच बोलत आले, तोंडाला सवय झाली. पलीकडं कुणीतरी असायचं तेव्हा. चिठ्ठी गेली की डोक्यावरचं ओझं उतरायचं. ह्या खेपेलाही उतरलं. कमलला म्हाईत होतं, मला म्हाईत होतं, पल्याड मीच आहे म्हणून. तरी दोघी त्या दिवशी भाकरी मोडत बसलो, तिकडं बघतात म्हणून.

कप्प्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. शिपाई म्हणाला, मॅडम, चहा घेता का? घेतला.

२१ नोव्हें., शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. पोटात गेलेल्या बाळाची चौकशी लागणार, माझा लेखी खुलासा पाहिजे. दोन्ही रजिस्टरं समोर. इकडच्यात रंजनाचं नाव बंद, तिकडच्यात नावच नाही.

दार लावून घेतलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत, तेच वाईट झालं.

“मंदाताई, तुमच्या भल्याचं सांगतो. पल्याडच्या वहीत नाव चढवा. दोन गृहभेटी दाखवा. पेशंटने दवाखान्यात यायला नकार दिला, असं लिहा. असं होतंच.”

म्हटलं, तिनं नकार नाही दिला. ती अंगण सारवून बसली होती.

“खरं लिहाल तर मार्चला तुमचं कंत्राट पुढं जाणार नाही. मग? दोन्ही उपकेंद्रं मोकळी. त्या बायांना कोण बघणार, सांगा.”

त्यांचं खोटं नाही. त्यांच्याकडंही तीन जागांचा कार्यभार, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पण मी भेटी दाखवल्या की कागदावर पल्याडचं उपकेंद्र चालू. चालू आहे तर माणूस कशाला देतील? असंच चालू दिसत आलंय आजवर. मीच दाखवलं. कुलूप उघडून, झाडून.

 

२७ नोव्हें., गुरुवार

रंजनाला घरी सोडलं, माहेरीच आणली. आज गेले. धारेवर गार वारा. नाचणीची कणसं अंगणात वाळत टाकलेली.

चंद्राबाईने शाळेतली खुर्ची मागून आणलेली. माझ्यासाठी. म्हटलं, मी खाली बसते, तर बसू देईना. “तुमी न्हसत्या तर पोरगी गेली व्हती. द्येवासारखं आला बगा.” नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी. बळंबळं वाढलं. घास फिरत होता तोंडात.

रंजना कोपऱ्यात. उतरलीय पार. हसत नाही. मी बीपी घेतलं, टाके बघितले. हळूच म्हणाली, “सिस्टर, दूध आलंय. लई दुखतंय. काय करू?”

काय करायचं ते सांगितलं. घट्ट कापड, पिळायचं नाही, चारपाच दिवसांत ओसरेल. हे सांगताना माझा आवाज अगदी नेहमीचा होता. लाज वाटते मला त्या आवाजाची.

सांगायला गेले होते. सांगितलं नाही. उलट निघताना चंद्राबाईने शेरभर नवे तांदूळ पिशवीत घातले आणि मी आणले. आणले मी ते!

३० नोव्हें., रविवार (पिं. पेंढार)

ह्यांना सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, कामाचं पहिल्यांदाच इतकं बोलले. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सोड ना ते. खाली कुठंबी लागशील, रोज घरी येशील.” म्हटलं, आणि त्या बाया? “त्या काय तुझ्या एकटीच्या आहेत व्हय?”

नाहीत. पण दुसऱ्या कुणाच्याच नाहीत, त्याला काय करू?

ओझरच्या गणपतीला जाऊन येऊ म्हणाले, मन हलकं होईल. गेलो. गर्दी नव्हती. हात जोडले, काय मागायचं सुचेना. कुणीतरी नवसाचं बाळ आणलं होतं, नवं झबलं, काजळाची तीट. तिथून निघाले ती गाडीत येऊन बसले. हे प्रसाद घेऊन आले, काही विचारलं नाही.

घरी येऊन खुलासा लिहिला. एक साहेबांनी सांगितला तसा. अर्ध्या पानात बसला. मग दुसरा, झाला तसा. त्याला तीन पानं लागली आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटतं.

४ डिसें., गुरुवार

सांगितलं.

सकाळी लवकर निघाले. दोघी मायलेकी नाचणी झोडत होत्या. म्हणजे चंद्राबाई झोडत होती, रंजना बसून कचरा निवडत होती. चंद्राबाई खुर्ची आणायला निघाली तेव्हा म्हटलं, नको, आज आधी ऐका.

सरळ सांगितलं. इकडची सिस्टर मीच. दुसरी कुणी आलेली नाही, नुसता रंग आला. चिठ्ठी मी मलाच लिहिली आणि कप्पा उघडून बघितला नाही. तुम्ही ज्या बाईची वाट बघत होता ती मी.

चंद्राबाईला कळायला वेळ लागला. दोनदा विचारलं, “म्हंजी तुमीच?” हो म्हटलं. तिच्या हातात झोडणं होतं. वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि आत गेली. चुलीपाशी बसल्याचा आवाज आला. बाहेर आली नाही.

मी आणि रंजना. मी रडायला लागले, तिच्यापुढं, मला काय अधिकार होता रडायचा! तिनं रडू दिलं. उगी म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सुपातली नाचणी तशीच.

मग विचारलं, “तुमाला म्हाईत व्हतं, सूज व्हती त्ये?”

हो.

“लाल खूण केली व्हती न्हवं?”

केली होती.

मान हलवली नुसती.  आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी खुलाशाचंही सांगितलं तिला, साहेब काय म्हणतात ते, खरं दिलं तर मी राहीन की जाईन ठाऊक नाही तेही. का सांगितलं? तिनं माफ करावं म्हणून? की ठरवावं तिनं? काही असो, सांगितलं.

म्हणाली, “खरं लिवलं तर दुसरी येनार का?”

म्हटलं, माहीत नाही. जागा भरतीलच असं नाही.

“आन् खोटं लिवलं तर तुमी यनार. एकट्याच. दोन्हीकडं.”

हो.

“पुढल्या साली ह्ये दुसरं बगू म्हनत्यात. डॉक्टर म्हनला व्हईल, पर पयल्यापासून नीट बगाया पायजे.” सूप बाजूला सारलं. माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. राग असता तर पेललं असतं मी. “तवा येनार कोन, सिस्टर?”

बसून राहिले.  शेवटी बीपी घेतलं तिचं. उतरलंय. वहीत लिहिलं, पल्याडच्या वहीत, नाव घालून. तेवढंच करता आलं.

निघाले तेव्हा चंद्राबाई आतच. हाक मारली, येते म्हणून. ओ दिली नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं खाली. साहेब अकराला बसतात. पिशवीत दोन्ही कागद घातलेत.